शिंदे म्हणजे कोणते शिंदे?

‘मुख्यमंत्री शिंदे यांनी अधिकाऱ्यांना धारेवर धरलं.’ ही ओळ २००३ सालची की २०२३ सालची? नुसत्या ओळीवरून कुणालाच सांगता येणार नाही. जानेवारी २००३ ते नोव्हेंबर २००४ या काळात सुशीलकुमार शिंदे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. जून २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात एकनाथ शिंदे होते. वडिलांचं नाव घातलं की उलगडा होईल असं वाटतं, पण तेही इथे कामाला येत नाही. एक सुशीलकुमार संभाजीराव शिंदे, दुसरे एकनाथ संभाजी शिंदे. पहिले सोलापूरच्या ढोर समाजातले, कोर्टात पट्टेवाल्याची नोकरी करून पुढे पोलीस उपनिरीक्षक झालेले. दुसरे सातारा जिल्ह्यातल्या दरे गावच्या मराठा कुटुंबातले, ठाण्यात रिक्षा चालवून शिवसेनेच्या शाखेच्या कामातून वर आलेले. दोघांचं नातं नाही, जात एक नाही, पक्ष एक नाही. आडनाव तेवढं एक.

तरीही आपल्याकडे माणसाची ओळख विचारायची रीत ‘आडनाव काय?’ या प्रश्नापासून सुरू होते. उत्तर मिळताच ऐकणारा मनात तीन खाती उघडतो: जात कोणती, कुणाच्या नात्यातला, कुठल्या भागातला. ‘शिंदे’ हे उत्तर आलं तर ही तिन्ही खाती चुकण्याची शक्यता दाट आहे. आडनाव टाकून द्यावं असं आमचं म्हणणं नाही. आडनावावर पुराव्याचा भार टाकणं थांबवावं, आणि सार्वजनिक नोंदीत माणसाचं नाव पुरतं लिहावं, एवढं म्हणणं आहे. हे का, ते शिंद्यांच्या एका आडनावावरूनच पुरेसं दिसतं.

इतिहासातल्या शिंद्यांपासून सुरुवात करू. ग्वाल्हेरचं घराणं मूळ सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडच्या पाटलांचं. राणोजी शिंदे पेशव्यांच्या पदरी वाढले. त्यांच्या मुलांपैकी जयाप्पा १७५५ मध्ये नागोरला मारले गेले, दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडले, नातू जनकोजी पानिपतानंतर गेले. पानिपतावरून पायाला जखम घेऊन वाचलेले राणोजींचे पुत्र महादजी पुढे दिल्लीच्या बादशाहीचे वकील-इ-मुतलक, म्हणजे बादशहाचे सर्वाधिकारी प्रतिनिधी, झाले. या महादजींना त्या काळच्या पत्रांत काय म्हटलेलं सापडतं? ‘पाटीलबावा’. कण्हेरखेडच्या पाटीलकीवरून. ज्याच्या हाती दिल्ली होती, त्याची ओळख त्याच्या काळात गावच्या वतनावरून होत होती. आडनाव होतं, पण ओळखीचं सगळं ओझं एकट्या आडनावावर नव्हतं.

या घराण्यात रक्ताची सलग रेघ शोधायला गेलं तर ती फार लवकर तुटते. महादजींना मुलगा नव्हता. १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीला ते वारले, तेव्हा गादीवर आले दौलतराव, भाऊ तुकोजी यांचे नातू. दौलतरावही १८२७ मध्ये निपुत्रिक गेले. बायजाबाईंनी मुकुटराव नावाचा मुलगा दत्तक घेतला, तो जनकोजीराव झाला. जनकोजीराव १८४३ मध्ये वारल्यावर त्यांच्या अगदी लहान वयाच्या विधवेने भागीरथराव हा मुलगा दत्तक घेतला, तो जयाजीराव झाला. म्हणजे अर्ध्या शतकात तीन वेळा गादी बाजूला सरकली आणि त्यातल्या दोनदा मुलाचं नावही बदललं. आडनाव मात्र तेच राहिलं. आडनाव हा वारशाचा पुरावा आहे, रक्ताचा नाही. दत्तकविधीने, लग्नाने, वतनाने ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातं. बायजाबाई जन्माने कागलच्या घाटगे, तरी इतिहासात त्या बायजाबाई शिंदे म्हणूनच ओळखल्या जातात.

वर आलेल्या त्या लहान विधवेचं नाव होतं ताराबाई. ग्वाल्हेरची ताराबाई शिंदे, १८४३. आणि १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. दोघींच्या नावात अक्षराचाही फरक नाही. पहिलीला शिंदे हे नाव सासरकडून आलेलं. दुसरीचं माहेरचं: वडील बापूजी हरी शिंदे, नवरा घरजावई, म्हणून ताराबाई जन्माच्या आडनावानेच लिहीत राहिल्या. पहिलीचं नाव दरबारी कागदपत्रांत, दुसरीचं एका छोट्या पुस्तकावर. यादीत नुसतं ‘शिंदे, ताराबाई’ लिहून ठेवणारा दोन वेगळ्या आयुष्यांना एकाच खुंटीवर टांगतो.

एक नाव एकाच घरात फिरून फिरून येतं तेव्हा गोंधळ आणखी वाढतो. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली चाल. माधवराव शिंदे १८८६ ते १९२५ ग्वाल्हेरचे महाराज होते. माधवराव शिंदे केंद्रात रेल्वेमंत्री होते आणि २००१ मध्ये विमान अपघातात गेले. पहिले दुसऱ्यांचे आजोबा. १९१८ मध्ये संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या पुढाकाराने ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय निघालं, ते आजोबांच्या काळात. कार्यक्रमाच्या निवेदनात ‘माधवराव शिंदे यांनी संगीत महाविद्यालयाला आश्रय दिला’ एवढंच म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रेल्वेमंत्री उभे राहतात. जनकोजी दोन, माधवराव दोन. इथे नाव आणि आडनाव दोन्ही मिळूनही अपुरी पडतात. साल जोडल्याशिवाय माणूस हाती लागत नाही.

त्यात लेखनाची भानगड. मराठीत शिंदे, हिंदीत सिंधिया, इंग्रजीत ‘एस’च्या मागे न उच्चारला जाणारा एक ‘सी’ लावलेलं स्पेलिंग. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नाही आणि अनुस्वार बरेचदा गाळलेला, त्यामुळे मोडी वाचणाऱ्याला ‘शिदे’, ‘शींदे’ असंही दिसतं. एकाच माणसाची पत्रं शोधायची तर मराठी दप्तरात एका रूपाखाली, फार्सी-हिंदी कागदांत दुसऱ्या रूपाखाली, कंपनी सरकारच्या इंग्रजी कागदांत तिसऱ्या रूपाखाली पाहावं लागतं. संगणकावर शोध घेणाऱ्याने ही तिन्ही रूपं वेगवेगळी टाकली नाहीत तर निम्मं साहित्य बाहेर राहतं. आणि सिंधिया हे रूप रूढ झाल्यावर नवीन घोटाळा होतो: ज्योतिरादित्य सिंधिया आणि कण्हेरखेडचे शिंदे एकाच घरातले आहेत, हे कित्येक मराठी मुलांना मोठं झाल्यावर कळतं. उलट वसुंधरा राजे या त्याच घरातल्या असून त्यांच्या नावात आडनावच येत नाही. नातं आहे तिथे आडनाव दिसत नाही. आडनाव दिसतं तिथे नातं नाही. १९१९ मध्ये वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी यांनी जहाज कंपनी काढली, तिलाही सिंदिया हेच नाव दिलं, कारण त्यांचं पहिलं जहाज ‘लॉयल्टी’ ग्वाल्हेरच्या महाराजांकडून विकत घेतलेलं होतं. संस्थापकांत शिंदे कुणीच नव्हते.

संगीताकडे वळलं की हे आडनाव दोन अगदी वेगळ्या वाटांनी येतं. पहिली वाट दरबारी. हद्दू खाँ, हस्सू खाँ ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या आश्रयाने वाढले, ती ख्यालगायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणली, त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. आज महाराष्ट्रात गावोगावी होणाऱ्या गाण्याच्या परीक्षांचं एक मूळ त्या दरबारात आहे. दुसरी वाट रस्त्यावरची, जत्रेची, कॅसेटची. प्रल्हाद शिंदे (१९३३ ते २००४) कव्वालीही गायले, भीमगीतंही गायले, विठ्ठलाची गाणीही गायले. आषाढीला ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ ज्या आवाजात सगळ्या महाराष्ट्राला ऐकू येतं, तो आवाज त्यांचा. मुलगे आनंद आणि मिलिंद, नातू आदर्श, अशा तीन पिढ्या गात आल्या. या घरच्या गाण्याला त्यांचे चाहते ‘शिंदेशाही’ म्हणतात. इतिहासकार महादजींच्या राजकारणाला शिंदेशाही म्हणतात. ग्वाल्हेरी पगडीलाही तोच शब्द लागतो. आणि २०२२ नंतर राजकीय भाषणांत तो एकनाथ शिंदे यांच्याशी जोडून वापरला गेला. एकाच शब्दाने चार गोष्टी सांगायच्या असतील तर त्यातली एकही नीट सांगितली जात नाही.

यात सर्वांत जास्त नुकसान होतं ते दुसऱ्या वाटेच्या लोकांचं. राजाच्या नावापुढे साल असतं, गादी असते, समाधी असते. कॅसेटच्या कागदावर ‘गायक : शिंदे आणि पार्टी’ एवढंच असतं. कॅसेटच्या काळात विठ्ठल शिंदे हे नाव संगीतकार म्हणून असंख्य मुखपृष्ठांवर छापलं गेलं. अस्पृश्यांसाठी काम करणारं डिप्रेस्ड क्लासेस मिशन १९०६ मध्ये स्थापणारे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचंही नाव तेच. मोबाइलवरच्या गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये गाणी एका ‘शिंदे’कडून दुसऱ्या ‘शिंदे’कडे गेली तर ती कुणी परत आणत नाही. बापाचं गाणं मुलाच्या नावावर, एका भावाचं दुसऱ्याच्या. गीतकाराचं नाव तर बहुधा गळतंच. कारण सरळ आहे. नाव भरणारा आधी आडनाव टाइप करतो, यादीत वर येणारं पहिलं नाव निवडतो आणि पुढे जातो. जन्मसाल, गाव किंवा गाण्याचं साल विचारणारा रकानाच तिथे नसतो. असला तरी रिकामा राहतो.

आता जातीकडे. शिंदे मराठ्यांत आहेत, धनगरांत आहेत, माळ्यांत, मातंगांत, ढोरांत, बौद्धांत आहेत. असं का, याची कारणं एकाहून जास्त आहेत. कुळी या जातीपेक्षा रुंद आहेत. जाधव, मोरे, पवार, शिंदे ही कुळांची नावं मराठ्यांपासून महारांपर्यंत अनेक जातींत जुन्या काळापासून आहेत, त्यांच्यासोबत देवकंही. काही घरांत ती सरदाराच्या चाकरीतून आली असतील, काही घरांत गावच्या पाटलाच्या नात्याने. कर्नाटकातल्या सिंद राजघराण्याशी या आडनावाचा संबंध जोडणारे आहेत, शिंदीच्या झाडाशी जोडणारेही आहेत. व्युत्पत्ती कुठलीही खरी धरली तरी आजच्या अमुक घराचा त्या राजघराण्याशी संबंध त्याने सिद्ध होत नाही. एवढं साधं तारतम्य बऱ्याच कुलवृत्तांतांत पाळलेलं नसतं. पहिल्या पानावर राजघराणं, दुसऱ्या पानावर कण्हेरखेड, आणि तिसऱ्या पानापासून एकदम १९१० साली जन्मलेले पणजोबा. मधल्या दीडशे वर्षांचा एकही कागद नाही. आडनाव सारखं आहे, एवढाच पूल.

हा पूल किती कच्चा आहे ते जुन्या नोंदी हाताळल्या की कळतं. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्यानिमित्ताने हजारो घरांनी पहिल्यांदाच आपली वंशावळ कागदावर मांडायचा प्रयत्न केला. आरक्षणाचा प्रश्न इथे बाजूला ठेवू. नोंदी कशा वाचायच्या एवढंच पाहू, कारण चुका तिथेच होतात.

सुरुवात नेहमी स्वतःपासून मागे करायची, मूळपुरुषापासून पुढे नाही. स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला, मग वडिलांचा, मग आजोबांचा शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरातला उतारा. त्याच्याही मागे गेलं की शाळा संपते आणि जमीन सुरू होते. गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, त्यातली वारस नोंद सर्वांत मोलाची. मयताचं नाव, मृत्यूची तारीख आणि त्याच्या मुला-मुलींची नावं तिथे एकाच नोंदीत असतात. दोन पिढ्यांना जोडणारा याहून चांगला कागद सहसा मिळत नाही. त्याच्या जोडीला गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. त्यात जन्म-मृत्यूची तारीख, बापाचं नाव आणि जात असते. पण या बुकात आडनाव बहुधा नसतंच. ‘रामा बिन शिवा’, ‘गणू वल्द राघू’, ‘सावित्रा कोम तुकाराम’. बिन आणि वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको.

इथे लोक काय करतात? गावात आज शिंद्यांची वस्ती मोठी आहे, म्हणून ‘रामा बिन शिवा’ हा शिंदेच, असं धरून चालतात. चूक इथे होते. त्याच गावात त्याच काळी दोन-तीन रामा असू शकतात. आजोबा-नातवाच्या नावांची पुनरावृत्ती होत असल्याने ‘रामा बिन शिवा’ १८८५ चा आणि ‘रामा बिन शिवा’ १९३० चा ही दोन माणसं असतात, एक दुसऱ्याचा आजोबा. म्हणून नोंद सापडली की आधी तारीख पाहायची. मग त्या माणसाचा गट किंवा सर्व्हे नंबर पाहायचा आणि तोच नंबर फेरफारात कुणाकडे गेला ते शोधायचं. जमिनीचा नंबर आणि तारखा जुळल्या तरच माणूस जुळला. आडनावाचा उपयोग इथे सर्वांत शेवटी, खात्रीपुरता. आणि एकाच गावात शिंद्यांच्या दोन भावक्या असल्या तर गावकऱ्यांना विचारायचं. आडनावाने न ओळखल्या जाणाऱ्या घरांना गावाने स्वतःच नावं दिलेली असतात: थोरल्या वाड्यातले, मळ्यातले, वेशीवरचे. ही उपनावं कागदावर कुठेच नसतात, म्हणून वंशावळीच्या समासात ती लिहून ठेवायची. कुलदैवत आणि देवक जुळणं ही चांगली खूण आहे, पुरावा नाही.

आडनाव बदलतंही. पाटीलकी आली की शिंद्यांचे पाटील होतात, देशमुखी आली की देशमुख. मंगेशी गावावरून दीनानाथांनी मंगेशकर हे नाव घेतलं. मूळ आंबडवे गावच्या सकपाळांच्या घरातला मुलगा शाळेत आंबेडकर झाला. लग्नानंतर बाईने आडनाव बदलावं अशी सक्ती करणारा कायदा नाही, तरी बहुतेक बायकांची नोंद लग्नाच्या दिवशी दुभंगते. दहावीच्या गुणपत्रकावर एक नाव, बँकेत दुसरं, जमिनीच्या कागदावर तिसरं. बाईच्या नावाने काहीही शोधायला गेलात तर दोन आडनावांचा शोध घ्यावा लागतो, आणि माहेरचं आडनाव लिहून ठेवणारा कागद घरात असतोच असं नाही.

आता निवडणुकीचा दाखला. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी हरले. त्याच मतपत्रिकेवर त्यांच्याच नावाचा आणि आडनावाचा एक अपक्ष होता आणि त्याला नऊ हजारांहून अधिक मतं पडली. नामसाधर्म्य म्हणजे काय, हे महाराष्ट्राला त्या आकड्यांनी शिकवलं. गंमत म्हणजे कायद्यात यावर उपाय कितीतरी आधीपासून होता. १९६१ च्या निवडणूक नियमांत तरतूद आहे की दोन उमेदवारांचं नाव सारखं असेल तर त्यांच्या नावाला व्यवसाय किंवा राहण्याचं ठिकाण जोडून फरक करावा. मे २०१५ पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटोही आला. नाव, ठिकाण, व्यवसाय, चेहरा. निवडणूक आयोगाने मान्य केलं की आडनाव पुरत नाही. तोच विचार बाकीच्या सार्वजनिक कामांत का नको?

यावर दुसऱ्या टोकाचं उत्तर येतं ते आडनावच काढून टाकायचं. २०२५ मध्ये बीड जिल्ह्याच्या पोलीस दलात अधिकाऱ्यांच्या पाट्यांवर आडनावाऐवजी फक्त नाव लिहायची पद्धत सुरू झाली. जातीवरून पेटलेल्या जिल्ह्यात पोलिसाची जात पाहून तक्रारदार घाबरू नये, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे आणि तिथल्या परिस्थितीत त्याला आमचा विरोध नाही. पण हा उपाय राज्यभर, सर्वच नोंदींत न्यावा असं जे म्हणतात त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. नुसतं ‘एकनाथ’ किंवा ‘विठ्ठल’ लिहिल्याने गोंधळ कमी होत नाही, वाढतो. आणि ज्याला जात काढायचीच आहे तो गाव विचारतो, गल्ली विचारतो, लग्न कुठे झालं ते विचारतो. आडनाव झाकल्याने त्याचा प्रश्न थांबत नाही. शिवाय ज्या घरांनी शिंदे, जाधव, गायकवाड ही नावं पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने लावली, त्यांच्याकडून ती काढून घेण्याचा अधिकार कुणाला? प्रल्हाद शिंद्यांचं शिंदे हे महादजींच्या शिंदेपेक्षा कमी किंवा उसनं नाही. ते त्यांचं आहे.

तेव्हा पुसण्याऐवजी भर घाला. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने ठरवलं की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदीत स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम असेल. आईच्या सन्मानासाठी तो निर्णय योग्य आहेच, पण नोंद ठेवणाऱ्याच्या दृष्टीनेही तो फार कामाचा आहे. संभाजी नावाच्या दोन वेगळ्या वडिलांचे सारख्याच नावाचे मुलगे दोन गावांत असू शकतात. आईचंही नाव जुळणं त्याहून कितीतरी दुर्मीळ.

याच धर्तीवर वर्तमानपत्रांनी पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव द्यावं आणि मथळ्यात ‘शिंदे’ एकटं सोडू नये. आज वाचकाला कळतं, पण वीस वर्षांनी कात्रण हाती घेणाऱ्याला कळणार नाही. ग्रंथालयातल्या नोंदीत ‘शिंदे, विठ्ठल रामजी (१८७३–१९४४)’ असं साल घालायची पद्धत आहे, ती गाण्यांच्या संग्रहालाही लागू व्हावी. गायक, संगीतकार आणि गीतकार वेगवेगळ्या रकान्यांत, प्रत्येकाच्या नावापुढे जन्मसाल किंवा निदान ध्वनिमुद्रणाचं साल. रस्त्याला, पुलाला, सभागृहाला नाव देताना पाटीवर व्यक्तीचं पूर्ण नाव, दोन सालं आणि काम एका ओळीत कोरावं. नुसता ‘शिंदे मार्ग’ नको. आणि घरात वंशावळ करणाऱ्यांनी प्रत्येक बाईच्या नावापुढे माहेरचं गाव आणि माहेरचं आडनाव लिहावं. दोन ओळी जास्त लागतात, पण त्या नसल्या की पुढची पिढी निम्म्या घराला मुकते.

वानवडीला महादजींच्या छत्रीत जाणाऱ्याला तिथली नोंद वाचून हे कोणते शिंदे हे कळतं. प्रल्हाद शिंद्यांच्या जुन्या कॅसेटी अजून कितीतरी घरांत ट्रंकेत पडून आहेत. कागद फाटायच्या आत त्यांच्या मुखपृष्ठांवरची बारीक अक्षरातली नावं, क्रमांक आणि सालं कुणीतरी उतरवून घ्यायला हवीत.